तीन तुकडे, पाच तुकडे

१ मार्च, शनिवार

दादाला कॅन्सर नाही.

एवढं लिहिलं आणि पेन तसंच धरून बसले. दुपारी वहिनींचा फोन आला तेव्हा त्या रडताहेत की हसताहेत तेच आधी कळेना. मोठ्या इस्पितळातल्या सर्जनने ऑपरेशनची तारीख देण्याआधी स्वतः पुन्हा दुर्बीण घालून पोट तपासलं, पुन्हा तुकडे काढले. आज त्याचा रिपोर्ट आला. जुन्या जखमेचा वण आहे, तोही भरत आलेला. बाकी काही नाही. "पोट नव्यासारखं आहे म्हणाले गं!" वहिनी ओरडून सांगत होत्या. मागे दादा गात होता.

मी लॅबमधल्या स्टुलावर बसले होते. तिथेच डोळे मिटले आणि प्रभूचे आभार मानले. अगदी मनापासून मानले. मग डोळे उघडले, तर समोर स्लाइडच्या पेट्यांची रांग होती. आणि मनात आलं, असं होत नाही.

सव्वीस वर्षं मी हेच काम करते. माणसाच्या पोटातून, मानेतून, छातीतून काढलेले तुकडे बाटल्यांतून आमच्याकडे येतात. मी त्यांना नंबर देते, मेणात बसवते, त्या ठोकळ्याचे पापुद्र्याहून पातळ काप काढते, काचेवर चढवून रंगवते. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि निदान लिहितात. दादाची बाटली चौदा जानेवारीला आली. ती दुसऱ्या कुणाच्या हाती देणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी माणसं कमी होती, मी एकटीच सगळं बघत होते, त्यात दर दहा मिनिटांनी वहिनींचा फोन. "आली का बाटली? काय दिसतंय? तुला काय वाटतं?" तरी एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने मी स्वतः नंबर टाकला. म्हटलं, निदान इथे तरी चूक नको. अठरा तारखेला डॉक्टरबाईंनी मला आत बोलावून दार लावून घेतलं.

तेव्हापासून सहा आठवडे आमच्या चर्चची अख्खी मंडळी दादासाठी प्रार्थना करते आहे. उद्या तो चर्चमध्ये साक्ष देणार.

२ मार्च, रविवार

चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दादा शाळेत संगीत शिकवतो, आमच्या गायनवृंदाचा तीस वर्षांचा प्रमुख आहे, आणि कशाचंही गाणं करू शकतो. आज तर त्याच्याकडे केवढा विषय!

"माझ्या पोटात मरण होतं," तो म्हणाला. "कागदावर लिहून, सही-शिक्का मारून दिलेलं मरण. माझ्या प्रभूने ते बोटाने पुसून टाकलं." मग त्याने स्वतः रचलेलं नवं गीत म्हटलं:

तळ न लागे तुझ्या मनाचा, दोर आमुचा तोकडा,
थोर तू, प्रभू, थोर तू, आम्ही मातीचा तुकडा.

'तुकडा' शब्दावर मी दचकले. बाकी सगळे रडत होते.

पाळकसाहेब म्हणाले, "देव हे कसं करतो, का करतो, विचारू नका. त्याच्या शहाणपणाची खोली मोजायला आपल्याजवळ पट्टीच नाही." माझ्याजवळ आहे. माझं कापायचं यंत्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतं. त्या मोजमापात सव्वीस वर्षांत कॅन्सर असा आपोआप विरघळलेला मी पाहिलेला नाही.

तीस तारखेला वर्षाची उपकारस्तुतीची उपासना आहे. दादाची साक्ष पत्रकात छापायची ठरली आहे. आणखी दोन चर्चच्या मंडळ्यांनी त्याला बोलावलंही. निघताना पाळकबाईंनी माझी हनुवटी धरून विचारलं, "तुझ्या तोंडावर आनंद का नाही गं दिसत?"

"डोकं दुखतंय," मी म्हटलं. चर्चच्या पायरीवर खोटं बोलले.

४ मार्च, मंगळवार

आज डॉक्टरबाई जेवायला गेल्यावर पेटीतून दादाची स्लाइड काढली. क्रमांक एकशे बारा. निदान लिहायचा मला अधिकार नाही, पण इतक्या वर्षांत डोळ्याला कळतं. कॅन्सरच आहे. शंकेला जागा नाही. पेशी गर्दीत घुसलेल्या माणसांसारख्या जिथे नको तिथे शिरलेल्या.

मग दोनच गोष्टी शक्य आहेत. एक, मोठ्या इस्पितळाने चुकीच्या जागेचे तुकडे घेतले, रोग निसटला, आणि दादा पोटात मरण घेऊन गावोगाव साक्ष देत फिरणार. दोन, ही स्लाइड दादाची नाहीच. मग कुणाची? ज्याची असेल त्याला आपण काय सांगितलं?

तिसरी गोष्ट म्हणजे चमत्कार. मी ख्रिस्ती आहे, लहानपणापासून ऐकत आले आहे. पण तिसरं उत्तर पहिल्या दोन्हींची चौकशी झाल्याशिवाय मी घेणार नाही. हा अविश्वास असेल तर असो.

स्लाइड परत ठेवताना गुणगुणी आत आली. ही आमची दुसरी तंत्रज्ञ, दीड वर्षापूर्वी लागली. दिवसभर काहीतरी गुणगुणत असते म्हणून मी मनातल्या मनात तिला हे नाव दिलं आहे. काम करताना गुणगुणणाऱ्या माणसाचं लक्ष कामात किती असणार?

"ताई, काही शोधताय का? मी मदत करू?"

ती असं का म्हणाली?

५ मार्च, बुधवार

दिवसभर गुणगुणीवर नजर ठेवली. अकरा वाजता तिने एका बाटलीचं झाकण दुसऱ्या बाटलीजवळ ठेवलं. साडेबाराला नंबर घालताना दाराकडे वळून बघितलं. तीन वाजता एक लेबल वाकडं चिकटवलं, काढून पुन्हा लावलं. मी हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

संध्याकाळी तिने मला चहा आणून दिला. आजच कसा सुचला हिला चहा?

७ मार्च, शुक्रवार

दादाकडे गेले होते. म्हटलं, पुन्हा एकदा तपासून घे, तिसऱ्या ठिकाणी. एकदाच.

दादा आधी हसला. मग माझ्याकडे नीट बघून हसायचा थांबला. "तू प्रभूवर संशय घेतेस?"

"प्रभूवर नाही रे. दुर्बिणीवर."

"तेच ते! त्याने हात लावलाय तिथे तू दुर्बीण घालायला निघालीस."

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "सहा आठवडे मी झोपलेले नाही," त्या म्हणाल्या. "आता कुठे घरात हसणं आलंय. तुला यांचं बरं झालेलं बघवत नाही का?"

मी चपला घातल्या आणि निघाले. जिन्यात दादा मागून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वेडाबाई, त्याच्या वाटा आपल्याला कळल्या पाहिजेत असं थोडंच आहे?"

त्याच्या वाटा नकोत मला. एका बाटलीची वाट कळली तरी पुरे आहे.

११ मार्च, मंगळवार

रविवारी चर्चला गेले नाही. त्याबद्दल काही लिहीत नाही.

आज सापडलं. चौदा जानेवारीचं रजिस्टर काढलं. त्या दिवशी पोटाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून दोन बाटल्या आल्या होत्या. एक दादाची, एक एका किल्लीवाल्याची. कुलपं दुरुस्त करणारा, वय सत्तेचाळीस. दोघांनाही दुर्बिणीत जखमच दिसली होती. दवाखान्याने बाटलीबरोबर जे कागद पाठवले त्यावर तुकड्यांची संख्या असते. दादाच्या कागदावर पाच तुकडे लिहिलेत. किल्लीवाल्याच्या कागदावर तीन.

आमच्या रजिस्टरात: एकशे बारा, दादा, तीन तुकडे. एकशे तेरा, किल्लीवाला, पाच तुकडे.

मी कपाटातून मेणाचे ठोकळे काढले. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरले. एकशे बारामध्ये तीन ठिपके, एकशे तेरामध्ये पाच. पुन्हा मोजले. बोट लावून मोजले, लहान मुलं मोजतात तसे.

म्हणजे कॅन्सर दादाच्या पोटात कधी नव्हताच. तो किल्लीवाल्याच्या पोटात आहे. आणि त्याला आपण लिहून दिलंय, साधी जखम, गोळ्या घ्या.

बाटल्यांची अदलाबदल कुणी केली ते उघड आहे. मी नंबर घालायच्या आधी गुणगुणीने त्या उलट मांडून ठेवल्या असणार. उद्या डॉक्टरबाईंना सांगते.

१२ मार्च, बुधवार

डॉक्टरबाईंना सांगायला जाण्याआधी पुरावा पक्का असावा म्हणून हजेरीपट बघितला.

चौदा जानेवारीला गुणगुणी रजेवर होती. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

रजिस्टरातलं अक्षर माझं. दोन्ही नंबर माझे. 'तीन' आणि 'पाच' माझ्याच हातचे. मी तुकडे बरोबर मोजले, बरोबर लिहिले, आणि कागदाशी ताडून बघितलेच नाहीत. फोनवर वहिनींना सांगत होते, "काळजी करू नका, मी स्वतः करतेय."

१३ मार्च, गुरुवार

अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

खरं तेच लिहायचं असेल तर हेही लिहायला हवं की काल दिवसभर मी न सांगण्याची कारणं गोळा करत होते. दादाला लोक खोटारडा म्हणतील. पत्रकं छापून झालीत. सव्वीस वर्षांचं माझं नाव जाईल. किल्लीवाल्याला पोट दुखलं तर तो स्वतःच पुन्हा तपासून घेईल. हे शेवटचं कारण मी तीनदा मनात घोळवलं, म्हणजे त्यात काही दम नाही हे मला माहीत होतं.

दुपारी सुट्टी घेऊन, कागदावरचा पत्ता शोधत त्याच्या दुकानात गेले. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधली खोबण. वर किल्ल्यांचे घोस लटकलेले. मी घराची किल्ली दिली, म्हटलं एक जोड करून द्या. तो यंत्रावर वाकला. पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं होतं, खिळ्याने पाडल्यासारखं वेडंवाकडं. पट्ट्याचं शेपूट लांब लोंबत होतं. मध्येच त्याने यंत्र थांबवलं, एक हात पोटावर दाबला, क्षणभर थांबला, पुन्हा सुरू केलं.

"तब्येत जपा," माझ्या तोंडून गेलं. "पोट पुन्हा दाखवून घ्या."

त्याने मान वर केली. "पोटाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नाही, तुम्ही हात धरलात म्हणून…"

"तुम्ही 'पुन्हा' म्हणालात. आधी दाखवलंय हे मी कुठे सांगितलं?" तो माझ्याकडे रोखून बघत राहिला. "कोण तुम्ही?"

मी दुकानातून अक्षरशः पळाले. किल्लीही तिथेच राहिली.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी आठ वाजता डॉक्टरबाईंच्या टेबलावर दोन्ही ठोकळे, दोन्ही कागद आणि रजिस्टर ठेवलं. काही न बोलता ठेवलं. त्यांनी मोजलं. माझ्यासारखंच बोट लावून मोजलं.

"कुणी केलं?"

"मी."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग मला म्हणाल्या, "बसा," आणि पोटाच्या डॉक्टरांना फोन लावला. पुढच्या तासाभरात किल्लीवाल्याला बोलावणं गेलं. पेशींची ओळख पटवायची पक्की तपासणी बाहेर पाठवली. चूक लेखी कळवायचं पत्र त्यांनी स्वतः टाइप केलं, त्यावर आधी त्यांनी सही केली, मग मी. "आजपासून तुम्ही नंबर घालायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "चौकशी होईल. आणि यापुढे प्रत्येक बाटली दोघांनी ताडून बघायची."

बाहेर आले तर गुणगुणी दारातच उभी. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"म्हणून तुम्ही इतके दिवस माझ्याकडे तसं बघत होतात, होय?"

मी म्हटलं, "हो. माझी चूक झाली."

ती रडली नाही, भांडली नाही. एकशे बारा आणि एकशे तेरा माझ्या हातून घेतले आणि बाहेर पाठवायच्या डब्यात भरले. दिवसभर गुणगुणली मात्र नाही. मला वाटलं होतं ते बंद झालं की बरं वाटेल.

१६ मार्च, रविवार

उपासना संपल्यावर दादाला घरी जाऊन सांगितलं. वहिनी आधी माझ्यावर ओरडल्या, मग त्यांचा आवाजच बसला. "म्हणजे चमत्कार झालाच नाही?"

"नाही वहिनी. आजारच नव्हता."

"मग आम्ही ते सहा आठवडे…" त्या थांबल्या. माझ्याच चुकीने त्यांनी ते सहा आठवडे काढले होते.

दादा खिडकीशी आमच्याकडे पाठ करून उभा होता. "मी तीन मंडळ्यांपुढे उभा राहिलो," तो म्हणाला. "म्हटलं, प्रभूने पुसलं. आणि तो दुसरा माणूस तेव्हा दुकानात बसून गोळ्या खात होता." थोड्या वेळाने म्हणाला, "जा तू आता."

जाताना मी थांबले. तो काहीतरी म्हणेल असं वाटलं. त्याने मागे वळूनही बघितलं नाही.

मी प्रभूवर रागावले आहे. तो एवढा शहाणा, तर माझा हात धरता आला नसता का? एक बाटली, एक हात. एवढंसं काम होतं ते.

१७ मार्च, सोमवार

पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, येत्या रविवारी उभी राहून सगळं सांगते. ते म्हणाले, "ताई, दोन दिवस थांबा. घाई नको."

आलं ध्यानात! पत्रकं छापून पडलीत ना. तीस तारखेपर्यंत चमत्कार जिवंत ठेवायचाय. एरवी सत्य सत्य म्हणून वेदीवर हात आपटतात.

१९ मार्च, बुधवार

पाळकसाहेबांचा निरोप आला. ते दोन दिवस कशासाठी हवे होते ते आज कळलं. ते किल्लीवाल्याच्या घरी गेले होते. त्याला आधी कळवायचं होतं की हे मंडळीपुढे सांगितलं जाणार आहे, आणि विचारायचं होतं की चालेल ना. त्याच्या आजाराची गोष्ट त्याची आहे, आपली नाही, असं ते म्हणाले. त्याने सांगितलं, चालेल, पण माझं नाव घ्यायचं नाही.

पत्रकांचे गठ्ठे त्यांनी सोमवारीच रद्दीत टाकले होते.

या महिन्यात मी दोन माणसांवर संशय घेतला. दोन्ही वेळा मीच चुकले. आणि तरी बाटलीबद्दलचा संशय खरा निघाला. याचं काय करायचं मला कळत नाही.

पक्की तपासणी आली. एकशे बारा किल्लीवाल्याचाच. ऑपरेशन सत्तावीसला.

२३ मार्च, रविवार

मी उठण्याआधी दादा उठला. गेला आठवडाभर माझ्याशी बोललेला नव्हता. त्याने हातात वही घेतली नव्हती, गीतही नव्हतं.

"तीन आठवड्यांपूर्वी मी इथे उभा राहून जे सांगितलं ते खरं नव्हतं," तो म्हणाला. "मी खोटं बोललो नाही, पण ते खरं नव्हतं. मला कॅन्सर कधीच नव्हता. बाटल्या बदलल्या होत्या."

कुजबुज सुरू झाली. मी उठले आणि म्हटलं, "मी बदलल्या. चूक माझी आहे. माझ्या हातून." माझा आवाज मलाच परका वाटला. बसायचं विसरले, तशीच उभी राहिले.

पुढच्या बाकावरचे मंडळीतले एक म्हातारे काका, ज्यांनी दादासाठी सहा आठवडे उपास केले होते, काठीवर जोर देऊन उठले. "मग आमच्या प्रार्थना कुठे गेल्या? चुकीच्या माणसाच्या नावाने?"

दादा दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, "काका, तुम्ही सहा आठवडे एका आजारासाठी रडलात. नाव माझं घेतलंत. आजार माझा नव्हता, पण आजार होता. या शहरातल्या एका माणसाच्या पोटात होता, आणि त्याच्यासाठी कुणीच प्रार्थना करत नव्हतं, कारण त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आपण सगळे नकळत त्याच्यासाठी गुडघे टेकत होतो. नाव आपण चुकीचं घेतलं. ज्याने ऐकलं त्याला माणूस माहीत होता."

 म्हातारे काका हळूच खाली बसले.

मी? मी संशयानेच ऐकत होते. दादाला कशाचंही गाणं करता येतं, हे मी आधीच लिहिलंय. माझ्या चुकीला एवढं सुंदर कापड पांघरायचा त्याला अधिकार नाही. देवाने ती बाटली बदलली असं कुणी म्हटलं तर मी उठून निघून जाईन. ती मी बदलली.

पण सहा आठवडे शंभर माणसं एका अनोळखी किल्लीवाल्यासाठी रडली, हेही झालंच आहे. ते कुणी केलं, याचं उत्तर माझ्या रजिस्टरात नाही.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी सातला त्याला आत नेलं. मी आठला पोचले. दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले होते. बाकावर त्याची बायको एकटी बसली होती, मांडीवर त्याचे कपडे, चष्मा आणि किल्ल्यांचा जुडगा.

"तुम्ही त्या लॅबवाल्या," ती म्हणाली.

"हो."

"कशाला आलात?"

"माहीत नाही. घरी बसवेना."

तिने तोंड फिरवलं. तासभर आम्ही दोघी एका बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. मग तिने न बघताच विचारलं, "त्या तुमच्या पाळकांनी सांगितलं, तुमची माणसं ह्यांच्यासाठी प्रार्थना करतात. नाव न घेता. खरंय?"

"खरंय."

"मग करा ना. इथे. मला येत नाही ते."

लहानपणापासून पाठ केलेल्या सगळ्या प्रार्थना मी शोधल्या. प्रत्येक प्रार्थना तोंडाशी आली की मनात येई, हे मी कुणाच्या जिवावर मागते आहे? शेवटी एवढंच म्हटलं, "प्रभू, याच्या पोटात काय आहे ते तुला दिसतं. माझ्या हातून काय झालं तेही दिसतं. आम्हाला काहीच दिसत नाही. तू बघ." आमेन म्हणायचंही राहिलं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"बरं." ती थोडी सरकून माझ्याजवळ बसली. 

साडेअकराला सर्जन बाहेर आले. पोटाचा बराच भाग काढावा लागला. दिसणारं सगळं निघालं, पण गाठींच्या तपासणीनंतर औषधं घ्यावी लागतील. "आणखी दोन-तीन महिने गेले असते तर मी उघडून तसंच बंद केलं असतं," ते म्हणाले. त्याच्या बायकोने त्याचे कपडे छातीशी कवटाळले. मी तिला धरलं.

सर्जन हे सगळ्यांनाच सांगत असतील, असं माझ्या मनात आलंच. तरी मी त्यांच्याकडे बघून हात जोडले.

३० मार्च, रविवार

उपकारस्तुतीची उपासना झाली. पत्रक नव्हतं. दादा शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. गायनवृंद दुसऱ्याकडे देऊन आला होता, म्हणाला आज ऐकायचंय. अर्ध्यात त्याने माझा हात धरला. 

वहिनी अजून बोलत नाहीत. त्यांना वेळ लागेल. तो त्यांचा हक्क आहे.

६ एप्रिल, रविवार

किल्लीवाल्याला भेटले. त्यानेच बोलावलं होतं. बायकोकडून निरोप आला, "त्या बाईंना म्हणावं, या एकदा."

खाटेवर अर्धा कलून पडला होता. नाकात नळी नव्हती, ती कालच काढली म्हणे. गाल आत गेलेले, पण डोळे दुकानात होते तसेच रोखून बघणारे. दोन गाठींत रोग सापडला आहे, पुढच्या महिन्यात औषधं सुरू होतील. हे त्याने दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," तो म्हणाला. "ते आधीच सांगतो."

"बरोबर आहे."

"दोन महिने फुकट गेले माझे."

"हो."

"तुमचे पाळक येतात. तुमचा भाऊ येतो, तो गातो. बरं गातो. म्हणतात, देव मोठा आहे, त्याच्या शहाणपणाला अंत नाही." तो श्वास घ्यायला थांबला. बोलताना टाके ओढत होते. "मला ते कळत नाही. तुम्ही हिशोबी बाई दिसता, म्हणून तुम्हाला विचारतो. खरं सांगा. हे देवाने केलं की तुम्ही चुकलात?"

"मी चुकले. तेवढं नक्की आहे."

"आणि बाकीचं? तुमच्या भावाला नसताना आजार लिहिला गेला, म्हणून त्याला मोठ्या इस्पितळात नेलं, म्हणून पुन्हा तपासलं, म्हणून तुम्हाला शंका आली, म्हणून मी सापडलो. तुमचा भाऊ नसता, दुसरा कुणी असता, तर तुम्ही एवढं उकरून काढलं असतंत?"

हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर मी "देवाची कृपा" म्हणून हसले असते आणि पुढची बाटली उचलली असती.

"नाही," मी म्हटलं. "नसतं काढलं."

"मग हे कुणी केलं?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही, आणि तरी त्याला मोठा म्हणता?"

 तो वाट बघत होता. खोटं बोललेलं त्याला लगेच कळलं असतं.

"मला माहीत आहे तेवढाच तो असता," मी म्हटलं, "तर म्हटलं नसतं."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, थकला, किंवा चिडला. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. मग डोळे न उघडताच तो म्हणाला, "उशी जरा वर करा. पाठीला रग लागलीय."

मी एका हाताने त्याची मान अलगद उचलली आणि दुसऱ्या हाताने उशी वर केली.